काळी पाच द्या, पोरगी हुशार आहे!

मराठी मध्यमवर्गीय घराला गाण्याच्या शिक्षकाची गरज भासते ती बहुधा कुणाच्या तरी मुंजीत. पाच वर्षांची मुलगी पंगतीच्या मागे जाहिरातीतली धून गुणगुणत हिंडत असते आणि एक मावशी जिलबीचा घास हातातच ठेवून जाहीर करते, ‘‘गळा आहे हो पोरीला!’’ बास. कार्यालयातून घरी पोचेपर्यंत आईने तीन क्लासचे नंबर मिळवलेले असतात, आणि पणजोबा कीर्तन करायचे ही आजवर घरात कुणी न काढलेली गोष्ट वडिलांनी रिक्षावाल्यालाही सांगून झालेली असते.

मग फोन सुरू होतात.

‘‘क्लास कुठे आहे आपला?’’

‘‘डेक्कनला.’’

‘‘अरे बापरे. पार्किंग?’’

‘‘गल्लीत मिळतं कधीकधी.’’

‘‘आणि मंगळवार, गुरुवार नाही चालणार हं. मंगळवारी अबॅकस, गुरुवारी स्केटिंग. शनिवारी साडेचार ते सव्वापाच असं काही जमेल का? सव्वापाचला तिला पोहायला सोडायचं असतं.’’

एवढ्या चौकशीत शिकवणाऱ्या बाई कुणाकडे शिकल्या, सुरुवात कशाने करतात, त्यांचे आधीचे विद्यार्थी आता काय करतात, यातलं काहीच येत नाही. दळण आणायला माणूस जी गिरणी निवडतो, तिथेही तो आधी पीठ कसं निघतं ते शेजारणीला विचारतो. गाण्याच्या बाबतीत गिरणी जवळ असली की झालं.

या अटीपुरतं बोलायचं तर भीमसेन जोशींचं उदाहरण प्रत्येक क्लासच्या दारावर लावून ठेवायला हरकत नाही. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, हा मुलगा गदगचं घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. तिकिटाला पैसे नाहीत, तेव्हा गाडीच्या डब्यात गाणी म्हणत, मिळेल ते खात, ग्वाल्हेर वगैरे करत तो अखेर पंजाबात जालंधरला पोचला. तिथे त्याला विनायकबुवा पटवर्धन भेटले. इतक्या लांब कशाला आलास, सवाई गंधर्व तर तुझ्या घराजवळच असतात, असं त्यांनी त्याला सांगितलं. सवाई गंधर्व राहायचे कुंदगोळला. गदगहून काही तासांची वाट. म्हणजे ‘क्लास घराजवळ हवा’ ही अट भीमसेनांनीही पाळली, फक्त व्हाया जालंधर.

कुंदगोळला गेल्यावर त्यांनी गुरूच्या घरी पाणी भरलं, ही गोष्टही सगळ्यांना ठाऊक असते. आता काळ उलटा फिरला आहे. ‘‘घरी येऊन शिकवाल का?’’ असं विचारलं जातं, शिक्षक येतात, बेल वाजवतात. शिष्य झोपलेला असतो. त्याला उठवून, दूध पाजून, चेहरा धुऊन आणेपर्यंत गुरुजी सोफ्यावर बसून पाणी पितात. पाण्याचा संबंध तेवढा टिकून आहे.

ज्या पालकांना पार्किंगच्या पलीकडचं काही दिसतं, ते मोठ्या नावाकडे वळतात. ‘‘यूट्यूबवर त्यांना व्ह्यूज किती आहेत?’’ हा प्रश्न हल्ली घराण्याच्या आधी येतो. पण चांगलं गाणं आणि चांगलं शिकवणं हे एकाच घरात नांदतंच असं नाही. केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर जायला निघाला. पण पृथ्वीवर त्यांनी धोंडूताई कुलकर्णींखेरीज जवळजवळ कुणालाच मनापासून शिकवलं नाही. एखाद्या आईने केसरबाईंना फोन करून शनिवारी साडेचारची बॅच विचारली असती तर पलीकडून काय ऐकू आलं असतं, याची कल्पना केलेलीच बरी. उलट, मुंबईत ऑपेरा हाऊसपाशी संगीत विद्यालय चालवणारे बी. आर. देवधर मास्तर. मैफलीचे गायक म्हणून त्यांचा डंका वाजला नाही, पण त्यांच्याकडे शिकायला राहिलेला एक लहान मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. तेव्हा शिक्षकाचं गाणं ऐकून झालं की त्याच्या विद्यार्थ्यांचंही ऐकावं, आणि त्यातल्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्याचं नव्हे, मधल्या रांगेतल्याचं. हुशार मुलं शिक्षकाविनाही बरंच काही उचलतात. मधल्या रांगेतला मुलगा सुरात असेल तर ते काम नक्की शिक्षकाचं.

ही संधी मिळते चाचणीच्या तासाला. ‘आधी एक तास बसून बघा’ असं बहुतेक शिक्षक स्वतःच म्हणतात. आई-वडील येतात, बसतात आणि भिंतीवरचे फोटो, सतरंजीची स्वच्छता व पंख्याचा वेग बघून निर्णय घेतात. बघण्यासारखं दुसरंच काही चाललेलं असतं. शिक्षक आधी मुलाचा सा शोधतात का? प्रत्येक गळ्याची पट्टी वेगळी असते. बायकांचा आवाज साधारण पेटीवरच्या काळी चारच्या आसपास बसतो, पुरुषांचा काळी एक किंवा तिच्या मागेपुढे. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटला की त्याची पट्टी काही महिन्यांत खाली घसरते, आणि तेव्हा त्याला जुन्याच पट्टीत ताणून गायला लावणं म्हणजे गळ्याचं नुकसान. पण काही क्लासमध्ये पेटी एक आणि पट्टी एक: शिक्षकांची. मग चौदा वर्षांचा मुलगा तार षड्जाला पोचताना भुवयांनी मदत करतो आणि शेजारची आठ वर्षांची मुलगी खर्जात उतरून दिसेनाशी होते.

पट्टी हा प्रकार पालकांना समजावणं अवघड. एका बाईंकडे एका वडिलांनी तक्रार नेली.

‘‘मॅडम, ती समोरची मुलगी काळी पाचमध्ये गाते. आमची अजून काळी चारच?’’

‘‘अहो, तिचा आवाज तसा आहे.’’

‘‘ते ठीक आहे. पण आमची वर्गात पहिली असते. तिलाही काळी पाच द्या, पोरगी हुशार आहे. वाटलं तर फी वाढवून घ्या.’’

बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की पुढच्या इयत्तेत बघू.

क्लास सुरू झाला की पहिल्या महिन्यात घरी एकच आवाज ऐकू येतो: सारेग, रेगम, गमप. दुसऱ्या महिन्यात सासा, रेरे, गग. तिसऱ्या महिन्यात वडिलांचा धीर सुटतो. ‘‘गाणं कधी शिकवणार?’’ हा प्रश्न ते आधी बायकोला, मग मुलीला आणि शेवटी, फी देताना, हसत हसत, शिक्षकांना विचारतात. शिक्षक सांगतात, भूप सुरू करतोय. भूपात पाचच स्वर, मध्यम आणि निषाद नाहीत, म्हणून नवशिक्याला सोयीचा. ‘‘पाचच?’’ वडिलांचा चेहरा पडतो. सातांची फी भरलेली असते.

सवाई गंधर्वांनी भीमसेनांना मुख्यतः तोडी, मुलतानी आणि पुरिया हे तीनच राग घोटवले, असं सांगितलं जातं. आज एखाद्या शिक्षकाने काही वर्षं तीन रागांवर काढली तर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच्या नावाचा ठराव येईल. कारण तोवर गणपती आलेले असतात, आणि मंडळाच्या कार्यक्रमात तिसऱ्या मजल्यावरची मुलगी नाट्यगीत म्हणणार असल्याची खबर लागलेली असते. मग शिक्षकांवर दबाव येतो. पलट्यांना रजा मिळते, एक अभंग घाईघाईने बसवला जातो, मुलगी तो मोठ्या आत्मविश्वासाने, मूळ पट्टीपासून सुरू करून शेजारच्या पट्टीत संपवते, टाळ्या पडतात, आणि व्हिडिओ अमेरिकेतल्या आत्यापर्यंत पोचतो. पुढच्या शनिवारी सारेग, रेगम.

आई या काळात वर्गात बसून असते. शिक्षक ‘सा’ म्हणतात, आई ओठ हलवते. मुलगी चुकली की आई मान हलवते. शिक्षक चुकले, म्हणजे रेकॉर्डिंगपेक्षा वेगळं काही गायले, तरी आई मान हलवते. ‘‘नीट बस, पाठ ताठ, बाईंकडे बघ, नाकात बोट नको’’ ही एक स्वतंत्र बंदिश तिच्या बाजूने विलंबित लयीत चालू असते. अनुभवी शिक्षक अशा वेळी आईला चहा सांगतात. चहा शेजारच्या खोलीत असतो.

मग वाद्यखरेदी. गाणं शिकायचं म्हणजे पेटी हवी, हे गृहीतच असतं. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केलं आणि त्यानंतर तीन दशकं ते बंदच ठेवलं. आपल्या स्वरांमधल्या बारीक जागा या परदेशी पेटीला दाखवता येत नाहीत, हा आक्षेप होता. मराठी दिवाणखान्याने मात्र तिला कधी अडवलं नाही. पेटी हप्त्यावर येते. तिच्यासोबत मखमली कव्हर येतं, आणि सहा महिन्यांनी कव्हरवर इस्त्रीचे कपडे.

त्याहून हौशी असतात ते मिरजेला जातात. मिरजेची तंतुवाद्यं नावाजलेली. तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पंढरपूरकडचे भोपळे, कारागिरांची पिढ्यान्पिढ्यांची घरं, जवारी काढणारे हात, हे सगळं भारावून बघितलं जातं आणि तानपुरा गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवून पुण्याला आणला जातो. परतीच्या वाटेत आजींना एसटीने यावं लागतं ते सोडा. घरी आल्यावर लक्षात येतं की याच्या चार तारा जुळवाव्या लागतात आणि पावसाळ्यात त्या जुळलेल्या राहत नाहीत. शिक्षक म्हणतात, तूर्त मोबाइलवरचा तानपुरा लावा. खरा तानपुरा कपाटावर जातो. पाहुणे आले की त्याच्याकडे बोट दाखवून ‘‘मिरजेचा आहे’’ असं सांगतात. तेवढा रियाज नियमित होतो.

मोबाइलवरच्या तानपुऱ्याची खरी फजिती होते ती ऑनलाइन शिकवणीत. न्यू जर्सीतल्या मराठी घरात रात्रीचे नऊ म्हणजे पुण्यात सकाळचे साडेसहा. शिक्षक अंघोळ करून बसलेले, शिष्य पिझ्झा खाऊन बसलेला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की एक आठवडा दोघंही वेगवेगळ्या वेळी एकमेकांची वाट बघतात. त्यात ही सॉफ्टवेअरं बनली माणसांच्या बैठकांसाठी. सतत एकसुरी येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, अशी त्यांची पक्की समजूत; ती तो आवाज गाळून टाकतात. तानपुरा नेमका तसाच वाजतो. परिणामी शिक्षक इकडे तानपुरा लावतात, संगणक तो मधल्या मध्ये फेकून देतो, आणि शिष्य तिकडे कशाच्याही आधाराविना गातो. ‘ओरिजिनल साउंड’ नावाचं एक बटण असतं, ते चालू केलं की तानपुरा परत येतो. हे कळायला काहींना पहिला सेमिस्टर लागतो. पण ‘‘चला, आता बरोबर म्हणू’’ एवढं मात्र कुठल्याही बटणाने जमत नाही. आवाज समुद्र ओलांडून जायला जो क्षण लागतो, तेवढ्यात सम निघून गेलेली असते. शहाणे शिक्षक म्हणूनच एक ओळ स्वतः गातात, थांबतात, मग शिष्याला गायला लावतात. उतावळे शिक्षक ‘‘तू मागे पडतोयस, मागे पडतोयस’’ म्हणून त्याला पुढे ढकलत राहतात आणि तीनतालाच्या सोळा मात्रा दोन खंडांत विभागल्या जातात.

आता रियाज. या विषयावर वर्गात जेवढं खोटं बोललं जातं तेवढं न्यायालयातही बोललं जात नसेल.

‘‘रियाज झाला का?’’

‘‘हो सर. म्हणजे झाला. थोडासा.’’

पहिला सा लावला की सरांना कळतं. तरी ते विचारतात, कारण उत्तरात नावीन्य असतं. पाहुणे आले होते. शाळेत परीक्षा होती. शेजारी वारले होते, बरं दिसलं नसतं. आणि सर्वांत वर, सर्दी. गाणं शिकायला लागलेल्या माणसाला होते तितकी सर्दी न शिकणाऱ्याला होत नाही. दही, चिंच, आइस्क्रीम आणि केळी सोडल्याचं तो सगळ्यांना सांगतो. रोजची वीस मिनिटं तेवढी सोडल्याचं सांगत नाही. प्रस्तुत लेखकाची सर्दी तर इतकी शिस्तीची, की क्लासच्या आदल्या संध्याकाळी येते आणि क्लासला दांडी मारल्यावर तासाभरात ओसरते.

रोज वीस मिनिटं बसणारा रविवारी सलग तीन तास बसणाऱ्याच्या पुढे जातो, हे प्रत्येक शिक्षक सांगतो, प्रत्येक विद्यार्थ्याला पटतं, आणि रविवारी तीन तास मोकळे काढायचा बेत आखला जातो. तासाचं रेकॉर्डिंग करण्याचंही तसंच. शिकवलेलं दुसऱ्या दिवशी निम्मं विसरतं, म्हणून शिक्षकांना विचारून ते टिपून ठेवावं आणि त्याच रात्री एकदा ऐकावं, यात शंका नाही. टिपण्याचा भाग सगळे पार पाडतात. एका गृहिणींच्या फोनमध्ये दोन वर्षांचं यमन साठलं होतं. जागा संपली, तेव्हा त्यांनी ते न ऐकता नव्या फोनमध्ये हलवलं.

प्रगती होत नाही म्हटल्यावर दोष शिक्षकाचा, हे उघडच. शिक्षक बदलण्याला शास्त्राधार आहेच: भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडे शिकले. हे वाक्य चौथा क्लास शोधणारे फार प्रेमाने सांगतात. एकेकाकडे बुवांनी किती वर्षं घालवली हा तपशील त्यात येत नाही. नवा शिक्षक येतो, मुलाचं गाणं ऐकतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, ‘‘आधीचं सगळं विसरावं लागेल.’’ मुलगा सांगतो, विसरलोय. शून्यातून सुरुवात करण्यातही प्रकार असतात. हरिप्रसाद चौरसिया रेडिओ आणि सिनेमात नाव कमावल्यावर अन्नपूर्णादेवींच्या दारात उभे राहिले. त्या तयार होईनात, तेव्हा आपण खरोखर पहिल्यापासून शिकू हे दाखवण्यासाठी त्यांनी उजवीकडची बासरी डावीकडे धरली आणि ती कायमची तशीच धरली. इकडे मुलाला पेटीवर अंगठा वापरू नको म्हटलं तरी पालक विचारतात, ‘‘आधीच्या सरांकडे चालायचं, इथे का नाही?’’

पैशाची गोष्ट दोन्ही बाजूंना अडचणीची. जुन्या वळणाचे गुरुजी आकडा सांगत नाहीत. ‘‘द्या हो काय द्यायचं ते,’’ म्हणतात, आणि पाकीट उघडल्यावर त्यांचा षड्ज किंचित उतरतो. नव्या शिक्षकांनी महिन्याची फी, बुडलेल्या तासाचा नियम, मे महिन्याची सुटी हे सगळं पहिल्याच दिवशी लिहून देणं सुरू केलं आहे. पालकांना ते व्यापारी वाटतं. तेच पालक महिनाअखेरीला म्हणतात, ‘‘दोन शनिवार आम्ही महाबळेश्वरला होतो, तेवढे वजा करून पाठवू का?’’ गुरुपौर्णिमेला मात्र सगळे उदार. शाल, श्रीफळ, पेढे. बाईंच्या कपाटात शाली इतक्या साठतात की पुढच्या वर्षी त्यातलीच एक, देणाऱ्याच्या लक्षात येणार नाही असा हिशेब करून, स्वतःच्या गुरूंना जाते. पाया पडून उठताना शिष्य फोन काढून भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करतो. दोन्हींसाठी वाकावं लागतंच.

सगळ्यात खडतर विद्यार्थी म्हणजे साठी उलटलेले. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुलीच्या वयाच्या बाईंकडे शिकायला लागले. कर्जाच्या फायली तपासण्यात हयात गेलेली, त्यामुळे बाईंनी गाऊन दाखवलेली प्रत्येक गोष्ट ते आधी मंजूर करत, मग गात.

‘‘काका, तुमचा गंधार जरा चढतोय.’’

‘‘आमच्या वेळी गंधार तिथेच असायचा.’’

‘‘पुन्हा लावा. खाली या. अजून खाली.’’

‘‘अहो, इतक्या खाली गेलो तर ऋषभाच्या हद्दीत शिरेन.’’

पण काका चिकाटीचे. रोज सकाळी बसत, वहीत तारीख घालून काय गायलं ते लिहीत, शंका विचारत, आणि बाईंच्या अख्ख्या क्लासमध्ये रेकॉर्डिंग खरोखर ऐकणारे ते एकटे. बाईंनी त्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसवलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी ही चढती शिडी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढलं त्या परंपरेतून आलेली. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून या शिडीवर गर्दी फार. परीक्षेच्या केंद्रावर जिकडेतिकडे दहा-बारा वर्षांची मुलं ‘यमन: थाट कल्याण, वादी गंधार, संवादी निषाद, समय रात्रीचा पहिला प्रहर’ असं दुपारी अडीच वाजता घोकत होती. शाळेमुळे त्या मुलांनी यमन दुपारी आणि भैरव संध्याकाळीच शिकलेला, त्यामुळे समयाचा रकाना त्यांना निव्वळ पाठांतराचा.

काका पांढऱ्या शर्टात रांगेत बसले. बाहेर, मुलांच्या आयांच्या घोळक्यात, काकू पाण्याची बाटली आणि खडीसाखर घेऊन उभ्या होत्या.

शेजारच्या मुलाने काकांना कोपराने ढोसलं. ‘‘आजोबा, झपतालाच्या मात्रा किती?’’

‘‘दहा.’’

‘‘टाळी कुठे कुठे?’’

‘‘पहिली, तिसरी, आठवी. सहावीला खाली.’’

‘‘बरोबर आहे,’’ मुलगा म्हणाला. त्याला माहीतच होतं, तो फक्त तपासत होता.

काकांचं नाव पुकारलं गेलं. आत गेले, बसले, तानपुरा सुरू झाला, आणि बऱ्याच वेळाने रुमालाने मान पुसत बाहेर आले.

‘‘काय झालं?’’ काकू धावल्या.

‘‘भूप म्हणायला सांगितला.’’

‘‘मग म्हणालात ना?’’

‘‘म्हणालो. पण गंधार चढत चढत पार मध्यमावरच जाऊन बसला.’’

‘‘आणि परीक्षक?’’

‘‘चांगले होते स्वभावाने. डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, ‘दुर्गा छान झाला. आता भूप म्हणा.’’’